वासावरनं मीठ

चमचा ओठाला लागला आणि मी तो झटकन मागे घेतला.

मुलीला भरवायच्या आधी गरम आहे का बघत होते, दोन फुंकरा घातल्या, चमचा खालच्या ओठाला नुसता टेकवला, आणि खारट. थोडंफार जास्त नाही. लोणच्याच्या बरणीत तळाला जो खार उरतो ना, तसं. मी चमचा हवेत धरून तशीच बसले. मुलगी आ करून बसलेली, आणि मला तो तिच्या तोंडात घालता येईना की खाली ठेवता येईना.

टेबलावर आम्ही चौघं. मी, माझी चार वर्षांची मुलगी, शेजारच्या आजी, आणि समोर आजींचा मुलगा. तो सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाहून, टॅम्पिनीसहून, तासभर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून एवढंच बघायला आला होता की आई जेवते का नाही. जेवली तर ती याच घरात राहणार. नाही जेवली तर म्हाताऱ्या माणसांना ठेवतात तसल्या एका होममध्ये तिला नेणार, त्याचे कागद बरोबर आणले होते. निळी फाइल. सोफ्यावर त्याच्या बॅगेतनं अर्धी बाहेर आलेली मला दिसत होती.

आणि टेबलावरचा मका मी केलेला. एकटीने.

त्याने अजून मक्याला हात लावला नव्हता, कोंबडीचं हाड सोडवत होता. आजी मात्र खात होत्या. तेच बघून मला जास्त भीती वाटली. दोन महिने ज्या बाईने चिमणीएवढं खाल्लं ती चमच्यावर चमचा तोंडात घालत होती, मधेच रुमालाने ओठ टिपत होती आणि मला म्हणत होती, "गुड, शा. व्हेरी गुड."

आता मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

आम्ही जुरोंग ईस्टला राहतो, नवव्या मजल्यावर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. आमचे हे शिपयार्डात वेल्डिंगवर सुपरवायझर आहेत. मी नाशिककडची, नववीपर्यंत शिकलेली, दहावीला बसलेच नाही. इंग्रजी मला पाटी वाचण्यापुरतं येतं, तेही वेळ दिला तर. इथे आले तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती आणि मला लिफ्टची भीती वाटायची, दार मिटलं आणि मी आत, बाळाची गाडी बाहेर राहिली तर. म्हणून मी खाली उतरायचेच नाही. ह्यांना सांगायचे, येताना दूध तुम्हीच आणा. हे म्हणायचे, "सिंगापूर बघायला आणली, तर बाई नवव्या मजल्यावरनं बघतेय."

आजींचं दार आमच्या दाराला लागून. उंच, गोऱ्या, केस कापसासारखे. अमेरिकेत खालच्या अंगाला लुइझियाना म्हणून आहे, तिथल्या. त्यांचे मालक इथले चिनी, तेलाच्या रिगच्या कामाला तिकडे गेले होते, लग्न करून यांना घेऊनच परत आले. ते वारले, मुलगा लग्न होऊन टॅम्पिनीसला गेला, या एकट्या राहिल्या. चाळीस वर्षं त्याच घरात. मला पहिल्यांदा लिफ्टमध्ये त्यांनीच नेलं. मी दारात उभी, गाडीला घट्ट धरलेलं, त्यांनी एक पाय लिफ्टच्या दारात घातला, दार थांबलं, आणि मला म्हणाल्या, "कम, शा." शा म्हणजे त्यांच्याकडे लाडाने म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं. हे मी नंतर विचारून घेतलं. मला विचारायची फार सवय. शाळेत त्यावरून मार खाल्लाय, पण आजींना आवडायचं.

तर एकदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या कणसं सोलत बसल्या होत्या. मला हसूच आलं. आमच्याकडे मका कोंबड्यांचा. म्हणजे कोवळा असेल तर भाजून खातो, मीठ-लिंबू लावून, पण भाजी म्हणून ताटात वाढायचा, पाहुण्यांना, हे मी कधी बघितलेलं नव्हतं. फोनवर आईला सांगितलं तर आई म्हणाली, "मका तुम्ही खाता, मग तिथल्या कोंबड्यांना काय घालतात?"

पण त्या करत होत्या ते मी बघत राहिले. कणीस उभं धरायचं, सुरीने वरनं खाली दाणे कापायचे, पण मुळापासून नाही, अर्धेच, दाण्यांची टोकं नुसती. मग दाणे काढलेला दांडा घ्यायचा, सुरी उलटी करायची आणि तिच्या बोथट बाजूने दाबून दाबून खरवडायचं. तर त्यातनं पांढरं दूध येतं. घट्ट, चिकाचं असतं तसं. ते भांड्यात ठिबकताना बघून मी म्हटलं, आपण हे दूध फेकून देतो की. इतकी वर्षं. आईच्या शेतातली सगळी कणसं माझ्या डोळ्यासमोर आली.

मी विचारलं, याने काय होतं. त्या म्हणाल्या, दाणे म्हणजे नुसता मका, दूध म्हणजे माक शू. त्या पदार्थाचं ते नाव. कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी, म्हणजे देठांची एक हिरवी भाजी, थोडी ओव्याच्या पानासारखी लागते, हे तिन्ही बारीक चिरून लोण्यात परतायचं. खरं म्हणजे डुकराच्या चरबीत, पण मी आहे म्हटल्यावर त्यांनी तो डबा न बोलता कपाटात मागे सरकवला. मग दाणे, मग दूध, मग त्यांचा लाल मसाला, आणि मंद गॅसवर ढवळत बसायचं. शिजताना वास असा येतो की गोडही वाटतो आणि तिखटही, दोन्ही एकदम, कुठला आधी ते सांगता येत नाही.

"हे कुणी शोधलं?" मी विचारलं.

"माझ्या आजीची आजी म्हणायची, इंडियन लोकांनी शिकवलं."

"आम्ही?"

त्या इतक्या हसल्या की सुरी खाली ठेवली. म्हणाल्या, तुम्ही नाही गं, तिकडचे, तिथले मूळचे. मग माझी विळी बघून नवल करायची पाळी त्यांच्यावर आली. मी मिरची चिरायला घरनं विळी नेली होती, बॅगेत कपड्यात गुंडाळून इकडे आणलेली, मला सुरीने जमत नाही. खाली बसले, पाय टाकला, भराभर चिरलं. त्या खुर्चीवरनं वाकून बघत राहिल्या.

"तू सुरीवर बसतेस?"

"सुरी बसलीये. मी चिरते."

हे माझं इंग्रजीतलं पहिलं उत्तर असेल ज्याला कुणी हसलं आणि मला लाज वाटली नाही.

मग त्यांना ताप आला. आठ-दहा दिवस खोकला, ताप, उतरला, पण त्या बाई परत पहिल्यासारख्या झाल्याच नाहीत. जेवायच्या नाहीत. मी वरणभात नेला, सूप नेलं, खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवरनं, त्यांची आवडती माशाची पेज आणली, दोन घास घ्यायच्या आणि "लेटर, शा." हाताची ताकद गेली, कणीससुद्धा धरता येईना. ब्लाऊज खांद्यावरनं ओघळायला लागला. आणि एक नवीनच सवय लागली. मी काही घेऊन गेले की त्या मला विचारायच्या, "कसा वास येतोय?" मी सांगायचे, जिऱ्याचा येतोय, तुपाचा येतोय. मला वाटायचं, माझं इंग्रजी सुधारावं म्हणून विचारतात. मी आपली शब्द शोधून शोधून सांगायचे आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या.

एक दिवस दुपारी कॉरिडॉरमध्ये जळका वास आला. मी धावत गेले, त्यांच्या दाराला जाळी असते ती नुसती लोटलेली. आत गॅसवर दूध उतू जाऊन भांडं काळं झालेलं, खाली ज्योत विझलेली आणि गॅस तसाच फुस्स करत चालू. आजी चार पावलांवर खुर्चीत, पेपर वाचत. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. त्या म्हणाल्या, "झोप लागली होती, शा." पेपर तर उलगडलेला होता. पण मोठं माणूस म्हणतंय तर म्हणतंय. मी काळं भांडं घरी नेलं आणि घासून परत दिलं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या आठवड्यात मुलगा आला आणि कॉरिडॉरमध्ये मलाच गाठलं. पन्नाशीचा माणूस, दमलेला, टाय सैल केलेला. म्हणाला, तुम्ही रोज जाता, ती जेवते का? मी म्हटलं, थोडं थोडं. तो म्हणाला, थोडं थोडं चालणार नाही लाह (इथे बोलताना सगळे शेवटी असं लाह लावतात), माझ्याकडे जागा नाही, दोन मुलं एका खोलीत आहेत, नोकरी सोडून मी बसू शकत नाही. येत्या रविवारी येतो. नीट जेवली तर बघू. नाही तर मी ठरवलंय.

तो गेल्यावर आजींनी मला आत बोलावलं. दार लावलं. म्हणाल्या, रविवारी माक शू कर. तो लहानपणी फक्त तेच खायचा. ते मी त्याच्यासमोर खाल्लं तर त्याला पटेल.

मी म्हटलं, "मी? मला येत नाही."

"तू बघितलंयस."

"तुम्ही बसा समोर, सांगा."

"मी तयार होईन. त्याच्यासमोर छान दिसायला हवं." आणि मग माझा हात धरून, "मला होममध्ये जायचं नाही, शा. तिथे कुणी मला विचारणार नाही, तू काय खातेस."

आता तुम्ही म्हणाल, एवढं महत्त्वाचं होतं तर चाखून का नाही बघितलं. तेच सांगते.

आमच्याकडे चाखून स्वयंपाक करत नाहीत. देवाला दाखवायच्या आधी तोंडात घातलं की ते उष्टं झालं. आणि रोज कुठे नैवेद्य असतो, पण सवय ती सवय. माझी आई आमटीला उकळी आली की पातेल्यावर वाकते, नाकाने एक श्वास घेते आणि सांगते, मीठ कमी आहे. चुकत नाही. सासूबाई तर म्हणायच्या, "चाखत चाखत रांधते ती सुगरण नव्हे, ती चटोर." तर मीसुद्धा वासावरनं मीठ ओळखते. मला अभिमान होता त्याचा, खरंच. एवढी एकच गोष्ट होती जी मला येते आणि बिल्डिंगमधल्या शिकलेल्या बायकांना येत नाही.

पण ते आपल्या जेवणाचं. मक्याच्या दुधाला किती मीठ लागतं, त्याचा वास कसा असतो, ते माझ्या नाकाला कुठून माहीत.

रविवारी सकाळी बाजारातून सहा कणसं आणली. मुलीला कार्टून लावून दिलं. आजी आत खोलीत, लिपस्टिक लावतायत, मधेच आवाज येतोय, "मसाला दोन चमचे, शा." दाणे कापले, दूध खरवडलं, लोणी टाकलं, तिन्ही भाज्या परतल्या, दोन चमचे मसाला टाकला. सगळं त्यांच्यासारखं. आणि दुधाला उकळी आली तसा माझा हात आपोआप मिठाच्या बरणीत गेला. उकळी आली की मीठ. हे मी ठरवून करत नाही, हातच करतो, जसं दार उघडलं की चपला काढतो. सहा कणसांच्या अंदाजाने घातलं, चांगलं चिमटीच्या वर. त्यांच्या मसाल्यात अर्धं मीठच असतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या काळ्या मसाल्यात मीठ नसतं, माझ्या डोक्यातच आलं नाही. बाटलीवर लिहिलेलं आहे, मी नंतर अक्षर अक्षर लावून वाचलं, पहिलाच शब्द तो आहे. आणि लोणीसुद्धा खारं होतं. म्हणजे तीन वेळा मीठ.

मी वाकले, वास घेतला. गोड, तिखट, छान. म्हटलं जमलं.

आणि आता टेबलावर बसून माझ्या ओठावर ते मीठ.

मी उठले. म्हटलं, "सॉरी, सॉरी, थंड झालं, मी गरम करून आणते," आणि भांड्याला हात घातला. आजींनी माझ्या हातावर चापट मारली, खेळल्यासारखी. "बस. मला वाढ अजून." मी आजींकडे बघतेय, डोळ्यांनी सांगतेय, थांबा, खाऊ नका, आणि त्या माझ्याकडे बघून हसतायत, पाचवा चमचा.

मुलाने तेवढ्यात घास घेतला.

त्याचं तोंड हलायचं थांबलं. गिळलं त्याने. मोठ्या घरचा माणूस, थुंकला नाही. पाण्याचा पेला उचलला, सगळा प्याला, हळूच खाली ठेवला. मला वाटलं, आता मला बोलणार. मी मान खाली घातली. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. आईकडे बघत होता.

"मम्मा, मका कसा झालाय?"

"माझी आई करायची तसा."

"गोड वाटतोय ना जरा?"

आजी थोडं थांबल्या. "हो. थोडा गोड. हल्लीची कणसं अशीच."

तो खोटं विचारत होता आणि त्या खोटं सांगत होत्या आणि मधे माझं भांडं. आणि मला एकदम सगळं कळलं, कसा वास येतोय, कसा वास येतोय, ते दूध, ती फुस्स. ताप गेला तो त्यांची चव घेऊन गेला होता, वाससुद्धा. जेवण म्हणजे त्यांना ओला कागद. आणि आज त्या ओला कागद चमच्याने उचलून, हसत, गुड गुड म्हणत गिळत होत्या, त्या घरात राहायला मिळावं म्हणून.

एवढ्यात माझ्या मुलीने, मी लक्ष देत नाही बघून, हातानेच दाणे उचलले आणि तोंडात टाकले. आणि लगेच ताटात.

"मम्मा. सॉल्टी लाह."

आजींचा चमचा मधेच थांबला. त्यांनी मुलाकडे बघितलं नाही, मुलीकडे नाही. माझ्याकडे बघितलं. आणि हळू विचारलं, "शा?"

आपण काय खातोय ते त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. मी मान हलवली, खारट आहे म्हणून. हलवली असेल, कारण त्यांनी चमचा ठेवला आणि रुमालाची घडी घालायला लागल्या, एकदा, दोनदा, अगदी बारीक होईपर्यंत. मग म्हणाल्या, "लहान मुलांना काय कळतं," आणि हसल्या. पण कुणाकडे बघून नाही.

मुलगा निघाला तेव्हा मी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आले होते. लिफ्टजवळ तो थांबला. लिफ्ट आली, दार उघडलं, तो आत गेला नाही, दार मिटलं.

मी घाईघाईने म्हटलं, "मीठ माझं चुकलं. माझी चूक. आजींची नाही."

"आय नो," तो म्हणाला. "पण तिला कळलं नाही." मग म्हणाला, "एक सांगा. तिला वास येतो? काही जळलं, गॅस राहिला, तर कळतं तिला?"

निळी फाइल त्याच्या काखेत होती.

मला एवढंच दिसत होतं की माझी मुलगी दुपारी ज्या भिंतीला पाय लावून झोपते, तिच्या पलीकडे आजींची शेगडी आहे. एकच भिंत. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की या बाईने माझ्यासाठी लिफ्टच्या दारात पाय घातला होता. नाही म्हणायचं की हो, दोन्ही माझ्या तोंडात होतं, खरं सांगते, दोन्ही एकदम.

मी सांगितलं. दुधाचं सांगितलं, भांड्याचं सांगितलं, त्या पेपर वाचत होत्या हेही सांगितलं. नुसती मान हलवूनही भागलं असतं, पण सुरू केल्यावर मला थांबता येईना. माझं इंग्रजी तुटकं, हातवारे करून सांगितलं, फुस्स आवाज काढून दाखवला. आणि मग म्हटलं, पण त्यांना नेऊ नका, मी येत जाईन, गॅस मी लावीन, मी बंद करीन, दोन्ही वेळा. तो ऐकत होता. डोळे पुसले की घाम पुसला, कळलं नाही. लिफ्ट परत आली, या वेळी गेला.

घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरोबर केलंस." मग जेवताना परत म्हणाले, "तरी पण आधी आजींना विचारायला हवं होतंस." मी म्हटलं, आता दोन्ही कसं बरोबर. हे म्हणाले, "ते मला काय माहीत, मी वेल्डर."

दुसऱ्या शनिवारी मुलगा दोन माणसं घेऊन आला. गॅस काढून टाकला, विजेची काचेची शेगडी बसवली, भांडं उचललं की आपोआप बंद होते. आजींना डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, चव येईलही परत, नाहीही. फाइल अजून त्याच्या घरी आहे, फाडलेली नाही, मी विचारलं. सहा महिन्यांनी बघू म्हणाला. दुपारचं जेवण त्यांनी माझ्याबरोबर करायचं आणि मी त्याला फोनवर कळवायचं, असं ठरलं.

आणि आजी माझ्याशी बोलेनात. मी ताट घेऊन जायचे, त्या जाळीतनं घ्यायच्या, "थँक्यू" म्हणायच्या. शा नाही. माझी मुलगी आत जाऊन त्यांच्या मांडीवर बसायची, तिच्याशी बोलायच्या, माझ्याशी नाही. मी कॉरिडॉरमध्ये चपला नीट लावत उभी राहायचे, उगाच. आठवडा झाला, वर दोन दिवस झाले.

मग एक दिवस जाळीवर चमचा वाजला. बघितलं तर त्या उभ्या, हातात पिशवी, पिशवीत कणसं. कुठून आणली, कशी आणली त्या हातांनी, देव जाणे.

"सुरीवर बसायची ती घेऊन ये," म्हणाल्या.

मी चिरलं, मी खरवडलं, मसाला घातला. उकळी आली. हात बरणीकडे गेला, मी दुसऱ्या हाताने धरला. आजी शेजारी खुर्चीत, ताठ बसलेल्या.

"चाख," म्हणाल्या.

मी म्हटलं, "आमच्याकडे तसं—"

"चाख. आणि सांग मला."

मी चमचा घेतला, तोंडात घातला. देवाच्या आधी, वडीलधाऱ्या माणसाच्या आधी. कसंतरीच वाटलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"आधी गोड," मी म्हटलं. "मग मिरची, पण लगेच नाही, मागनं येते, दार वाजवून येतात तशी. कांदा विरघळलाय. दूध..." दुधाचं कसं सांगू. "दूध म्हणजे चीक. आमच्याकडे म्हैस व्यायली की पहिल्या दुधाचा चीक असतो, वाफवलेला. तसं, पण हिरवं."

"हिरवं," त्या म्हणाल्या.

"हिरव्या वासाचं. शेताचं."

त्यांनी पुढ्यातली बशी सरकवली. मी वाढलं. त्यांनी एक घास घेतला, चावत बसल्या, बराच वेळ, आणि मग म्हणाल्या, "पुढे सांग." मी चाखायचे, सांगायचे, त्या खायच्या. बशी संपली. मुलाला मी फोनवर खरं तेच कळवलं, सगळं खाल्लं.

आता रोज असंच चालतं. मी आता घरीसुद्धा चाखते, सासूबाईंना सांगू नका. शब्द कमी पडतात म्हणून मुलीला विचारते, हे इंग्रजीत काय, ती म्हणते मम्मा यू डोन्ट नो मेह, म्हणजे एवढंही येत नाही का तुला, आणि सांगते. पण आजी मला अजून शा म्हणालेल्या नाहीत. माफ केलं का, तेही म्हणालेल्या नाहीत. कधी कधी माझं चाखून सांगून झालं की त्या नुसत्या माझ्याकडे बघतात, त्या रविवारी टेबलावर बघितलं होतं तशा, आणि मला वाटतं की त्या अजून उत्तराची वाट बघतायत.

लिफ्टचं दार उघडून मिटलं होतं, तो उभा होता, फाइल काखेत होती. माझ्या जागी तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?